मत आमचे, मोजणीही आमच्या डोळ्यांदेखत हवी!

निवडणुकीचा निकाल लागला की आपल्याकडे दोन आवाज हमखास ऐकू येतात. हरलेला म्हणतो, फेरमोजणी करा. जिंकलेला म्हणतो, रडीचा डाव खेळू नका. पुढच्या निवडणुकीत पारडे फिरले की हे दोन्ही आवाज मुकाट्याने आपापल्या जागा बदलतात. काल मतदान यंत्राला शिव्या घालणारा आज त्याच यंत्राची आरती ओवाळतो आणि काल आरती ओवाळणाऱ्याला आज यंत्रात खोट दिसू लागते. या साऱ्या गोंगाटात एका माणसाला मात्र कोणीच काही विचारत नाही. तो माणूस म्हणजे मतदार! भुसावळच्या रेल्वे यार्डातला कंत्राटी कामगार, साक्रीच्या पाड्यावरची आदिवासी बाई, चाळीसगावच्या वीटभट्टीवरचा मजूर. एक दिवसाची मजुरी बुडवून ही माणसे रांगेत उभी राहतात. आपण दिलेले मत बरोबर मोजले गेले की नाही, हे जाणून घेण्याचा हक्क त्यांना आहे की नाही? आमच्या मते फेरमोजणीच्या वादातला खरा प्रश्न हाच आहे. कोणता उमेदवार पडला आणि कोणता निवडून आला, हा प्रश्न त्यानंतरचा.

आंबेडकरी चळवळीला हा प्रश्न नवा नाही. ज्यांना गावच्या विहिरीवर पाणी भरू दिले जात नव्हते, त्यांना मताचा अधिकार मिळावा म्हणून बाबासाहेबांनी १९१९ साली साऊथबरो समितीपुढे साक्ष दिली आणि १९२८ साली सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकाराची मागणी केली. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी बजावले, की राजकारणात आपण एक माणूस, एक मत आणि एक मूल्य हे तत्त्व मान्य करीत आहोत, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात ते नाकारीत राहणार आहोत. त्यातले राजकारणातले समान मूल्य तरी आपल्या पदरात पडले, असे आपण मानत आलो. परंतु मताचे मूल्य मतपेटीत मत पडल्याने सिद्ध होत नाही, ते मोजल्याने सिद्ध होते. न मोजलेले मत आणि न दिलेले मत यांत फरक तो काय?

खुद्द बाबासाहेबांनाही हा अनुभव आला. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे उमेदवार म्हणून ते उत्तर मुंबईच्या दुहेरी मतदारसंघातून उभे राहिले. काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांनी त्यांचा सुमारे साडेचौदा हजार मतांनी पराभव केला. त्या निवडणुकीत बाद ठरवून मोजणीबाहेर टाकलेल्या मतपत्रिका होत्या ७४,३३३. म्हणजे पराभवाच्या फरकाच्या पाचपट! बाबासाहेबांनी आणि त्यांच्याबरोबर लढलेल्या समाजवादी पक्षाच्या अशोक मेहतांनी निकाल रद्द करावा म्हणून रीतसर याचिका दाखल केली. ती फेटाळली गेली. पण ज्या माणसाने देशाला संविधान दिले, त्याने आपल्या पराभवानंतर ना नशिबाला बोल लावला, ना रस्त्यावर दगड भिरकावला. त्याने आकडा मांडला आणि कायद्याचे दार ठोठावले. आज ज्यांना फेरमोजणीची मागणी हा रडीचा डाव वाटतो, त्यांनी हा इतिहास वाचावा. आणि आपल्यातले जे म्हणतात, की कागदी मतपत्रिका आली म्हणजे सारे प्रश्न सुटले, त्यांनीही तो वाचावा. ती ७४,३३३ मते कागदीच होती.

आता आपल्या खानदेशाकडे वळू. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत धुळे मतदारसंघात काँग्रेसच्या डॉ. शोभा बच्छाव यांना ५,८३,८६६ आणि भाजपचे डॉ. सुभाष भामरे यांना ५,८०,०३५ मते मिळाली. फरक ३,८३१ मतांचा. दोघांच्या मतांची बेरीज धरली तर हा फरक अर्धा टक्काही भरत नाही. इतक्या अटीतटीच्या निकालावर कोणी प्रत्येक मतदान केंद्राची मोजणी पुन्हा तपासा म्हटले असते, तर ते रास्त ठरले असते. पण चर्चा कशाची झाली? चर्चा झाली मालेगावची! धुळे लोकसभा मतदारसंघात धुळे शहर, धुळे ग्रामीण, शिंदखेडा, बागलाण, मालेगाव बाह्य आणि मालेगाव मध्य असे सहा विधानसभा मतदारसंघ येतात. पाच ठिकाणी आम्ही पुढे होतो, एकट्या मालेगाव मध्यने आम्हांला पाडले, असे म्हणत देवेंद्र फडणवीसांसारख्या राज्याच्या पहिल्या फळीतल्या नेत्याने त्या मतदानाला ‘व्होट जिहाद’ असे नाव दिले आणि विधानसभेच्या प्रचारात ते गावोगाव फिरवले.

आम्ही विचारतो, मालेगावच्या यंत्रमाग कामगाराचे मत आणि शिंदखेड्याच्या कापूस उत्पादकाचे मत यांचे मूल्य वेगळे आहे काय? एखाद्या जातीचे मतदार एका पक्षाला एकगठ्ठा मत देतात तेव्हा त्याला समाजाचा कौल म्हणायचे, आणि मुसलमानांनी, बौद्धांनी एकजुटीने मत दिले की त्याला कारस्थान म्हणायचे, हा कुठला न्याय? निकालाबद्दल शंका असेल तर मते मोजा, मतदारांचा धर्म मोजू नका. अटीतटीच्या निकालात तपासणीची खात्रीची वाट नसली की हरलेला बोट दाखवायला कोणीतरी शोधतो, आणि ते बोट नेहमी दुबळ्याकडेच जाते. फेरमोजणीचा नीट कायदा हवा, तो यासाठीही.

परंतु दुसऱ्याला जो न्याय सांगायचा तो आपल्यालाही लावावा लागतो. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये विधानसभेचे निकाल लागले आणि धुळ्याजवळच्या अवधान गावाचे नाव देशभर गाजले. धुळे ग्रामीण मतदारसंघात काँग्रेसचे कुणाल पाटील ६६ हजारांहून अधिक मतांनी पराभूत झाले. अवधानमध्ये त्यांना शून्य मते पडली, असा मजकूर मोबाईलवरून वणव्यासारखा पसरला. गावात आंदोलन झाले, त्याची चित्रफीत गावोगाव पोहोचली. आपल्याही कित्येक कार्यकर्त्यांनी ती पुढे पाठवली. मग मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयाने आकडे जाहीर केले. अवधानच्या २४७ ते २५० या चार केंद्रांवर कुणाल पाटलांना अनुक्रमे २२७, २३४, २५२ आणि ३४४ मते होती. बेरीज १,०५७. शून्याचा दावा तिथेच कोसळला. पुढे जुलै २०२५ मध्ये कुणाल पाटील स्वतःच भाजपमध्ये गेले. त्यांच्यासाठी रस्त्यावर उतरलेली माणसे मात्र होती तिथेच राहिली!

अवधानचा धडा काय? सत्ताधाऱ्यांनी त्यातून हवा तो धडा घेतला. एक दावा खोटा निघाला, म्हणून साऱ्या शंका खोट्या, असे त्यांनी ढोल वाजवून सांगितले. तो धडा आम्हांला मान्य नाही. पण आपण घ्यायचा धडा याहून कडू आहे. केंद्रनिहाय आकडा सरकारने सांगेपर्यंत आपल्या हाती का नव्हता? मतदान संपल्यावर केंद्राध्यक्षाने नोंदलेल्या मतांचा हिशेब फॉर्म १७-सी मध्ये भरायचा आणि त्याची प्रत हजर असलेल्या प्रत्येक मतदान प्रतिनिधीला द्यायची, असा नियम आहे. मोजणीच्या दिवशी त्याच केंद्राचा उमेदवारवार आकडा मोजणी प्रतिनिधीसमोर लिहिला जातो. हे दोन कागद ज्याच्या खिशात असतात, त्याला शून्य की हजार हे कोणाला विचारावे लागत नाही. ज्याच्या खिशात ते नसतात, तो चित्रफितीवर विश्वास ठेवतो आणि उद्या खरोखर गडबड झाली तरी त्याचे कोणी ऐकत नाही. खोट्या आरोपाने खऱ्या आरोपाचा बळी जातो, तो असा.

म्हणून कायदा काय म्हणतो, ते चळवळीने समजून घेतले पाहिजे. निवडणूक संचालन नियम १९६१ मधील नियम ६३ नुसार मोजणीची बेरीज जाहीर झाल्यावर उमेदवार किंवा त्याचा प्रतिनिधी निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे फेरमोजणीसाठी लेखी अर्ज करू शकतो. अर्जात कारणे द्यावी लागतात. अधिकारी अर्ज मान्य करील किंवा फेटाळील, पण त्यालाही कारणे लिहूनच निर्णय द्यावा लागतो. नियम ५६-डी नुसार व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या मोजण्याची मागणीही अशीच करता येते, आणि यंत्राचा आकडा व चिठ्ठ्यांचा आकडा जुळला नाही तर चिठ्ठ्यांचा आकडा ग्राह्य धरला जातो. पण निकालपत्रावर अधिकाऱ्याची सही झाली की हे दार बंद होते. म्हणजे वेळ मिळतो तो मिनिटांचा! तेवढ्यात अर्ज लिहून देणारा माणूस मोजणी केंद्रात हवा. आपला माणूस तेव्हा बहुधा बाहेर घोषणा देत असतो.

दार बंद झाल्यावर उरते उच्च न्यायालयातील निवडणूक याचिका. तिला मुदत ४५ दिवसांची. आणि तिथे पहिला अडसर १९६४ सालापासूनचा आहे. राम सेवक यादव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की ठोस तपशील मांडल्याशिवाय मतपेट्या उघडून पाहण्याची मुभा मिळणार नाही. मतदानाच्या गुप्ततेसाठी हे तत्त्व समजण्यासारखे आहे. पण गरीब उमेदवारासाठी त्याचा अर्थ काय होतो? पेटी उघडल्याशिवाय पुरावा मिळत नाही आणि पुराव्याशिवाय पेटी उघडत नाही!

व्हीव्हीपॅटचीही तीच कथा. चिठ्ठ्या छापल्या जातात, पेटीत पडतात, मोहोरबंद होतात. पण एप्रिल २०१९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाप्रमाणे एका विधानसभा मतदारसंघात पाचच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजल्या जातात. बाकी शेकडो केंद्रांच्या चिठ्ठ्या कोणी न पाहता पडून राहतात. सगळ्या चिठ्ठ्या मोजा ही मागणी न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ रोजी फेटाळली. दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला सात दिवसांत अर्ज करून पाच टक्के यंत्रांची तपासणी मागता येईल, एवढी सोय मात्र दिली. ही तपासणी यंत्राच्या मेमरीची, मतांच्या फेरमोजणीची नव्हे. शिवाय आयोगाने २०२४ मध्ये तिचा खर्च ठरवला एका यंत्रसंचामागे करासह ४७,२०० रुपये. तीनशे केंद्रांच्या मतदारसंघात पंधरा संच धरले तर सात लाखांवर रक्कम झाली. वर्गणी काढून अनामत रक्कम भरणारा आपला उमेदवार हे सात लाख कुठून आणणार? शंका घेण्याचा हक्कसुद्धा आता श्रीमंतांचाच झाला म्हणायचा!

फेरमोजणीने काही बदलत नाही, उगाच वेळ जातो, असे सांगणाऱ्यांसाठी हरियाणाचे उदाहरण पुरे आहे. पानिपत जिल्ह्यातील बुआना लाखू गावात नोव्हेंबर २०२२ मध्ये सरपंचपदाची निवडणूक झाली. एका केंद्रावर दोन उमेदवारांची मते अदलाबदल होऊन लिहिली गेली आणि वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. न्यायालयाने यंत्रे आपल्याच आवारात मागवून ऑगस्ट २०२५ मध्ये फेरमोजणी करवली. मोहित कुमार यांना १,०५१ आणि कुलदीप सिंग यांना १,००० मते निघाली. निकाल उलटला! तिथे कोणी यंत्रात घुसखोरी केली नव्हती. माणसाच्या हातून आकडा चुकीच्या नावापुढे गेला होता, इतकेच. पण तेवढ्याने एका गावाचा कौल पावणेतीन वर्षे उलटा राहिला. फेरमोजणी ही कटकारस्थान शोधण्यासाठीच लागते असे नाही, साधी लिखाणातली चूक दुरुस्त करण्यासाठीही लागते.

आणि आपल्या मुंबईत काय झाले? वायव्य मुंबई लोकसभा मतदारसंघात २०२४ साली यंत्रांवरील मोजणीत अमोल कीर्तिकर एका मताने पुढे होते. टपाली मते धरून रवींद्र वायकर ४८ मतांनी विजयी झाले. कीर्तिकरांची याचिका मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये फेटाळली. मालेगाव मध्य विधानसभेचा २०२४ चा निकाल तर अवघ्या १६२ मतांचा. २०१९ साली जळगाव जिल्ह्यात मुक्ताईनगरचा निकाल १,९५७ मतांनी आणि पाचोऱ्याचा २,०८४ मतांनी लागला होता. असे निकाल यापुढेही लागतील. त्या वेळी काय करायचे, हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडायचे की कायद्याने ठरवायचे?

अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात २००० साली राष्ट्राध्यक्षपदाचा निकाल ५३७ मतांवर लटकला होता. फरक अर्ध्या टक्क्याच्या आत असल्याने तिथे कायद्यानेच आपोआप फेरमोजणी झाली. पुढची हाताने केलेली फेरमोजणी त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने थांबवली, तो वाद वेगळा. पण अर्ध्या टक्क्याच्या आत फरक असेल तर कोणाच्या विनवण्या न करता फेरमोजणी, ही कल्पना सरळ आहे. हीच मर्यादा दोन प्रमुख उमेदवारांच्या मतांवर आपल्याकडे लावली असती, तर २०२४ चे धुळे आणि मालेगाव मध्य तीत बसले असते. २०१९ चे मुक्ताईनगर आणि पाचोरा बसले नसते, धुळे ग्रामीण तर मुळीच नाही. म्हणजे हरलेल्या प्रत्येकाचे लाड करा, असे आम्ही म्हणत नाही. जिथे फरक केसाएवढा आहे, तिथे त्या मतदारसंघातल्या सगळ्या चिठ्ठ्या मोजा, खर्च सरकारने करा, एवढेच आमचे म्हणणे आहे.

यावर सरकारचे आणि आयोगाचे उत्तर काय? उत्तर आहे पडदा! विधानसभा निवडणुकीत सायंकाळी सहानंतर सुमारे ७६ लाख मते कशी पडली, असा प्रश्न विचारणारी एका मतदाराची याचिका ॲड. प्रकाश आंबेडकरांनी मुंबई उच्च न्यायालयात लढवली. ती जून २०२५ मध्ये फेटाळली गेली. २० डिसेंबर २०२४ रोजी केंद्र सरकारने नियम ९३ बदलून मतदान केंद्रांचे चित्रीकरण लोकांना पाहता येणार नाही अशी व्यवस्था केली. मे २०२५ मध्ये आयोगाने कळवले, की निकालाला आव्हान नसेल तर हे चित्रीकरण ४५ दिवसांनंतर नष्ट करता येईल. सोलापूर जिल्ह्यातील मारकडवाडीच्या गावकऱ्यांनी डिसेंबर २०२४ मध्ये स्वतःच्या खर्चाने मतपत्रिकेवर मतदान घेऊन पाहायचे ठरवले, तर तिथे जमावबंदी लावली. तिथे पेट्यांतल्या चिठ्ठ्या गावासमोर मोजून दाखवल्या असत्या तर शंका एका दिवसात मिटली असती. ज्याचा हिशेब चोख आहे, त्याने वही दाखवायला का घाबरावे?

१६ जून १९४९ रोजी संविधान सभेत निवडणूक आयोगाच्या कलमावर बोलताना बाबासाहेबांनी प्रांजळपणे कबूल केले होते, की या पदावर अयोग्य किंवा सत्तेच्या मुठीतला माणूस येणारच नाही, अशी तरतूद संविधानात नाही. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आयुक्त निवडणाऱ्या समितीत सरन्यायाधीशांना बसवले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संसदेने कायदा करून त्यांना उठवले आणि तिथे पंतप्रधानांनी नेमलेला मंत्री बसवला. बाबासाहेबांनी दाखवलेली फट बुजवण्याऐवजी ती रुंद केली गेली.

हे बदलण्यासाठी संसदेत आणि न्यायालयात लढावे लागेल. पण त्याची वाट पाहत हातावर हात धरून बसण्याचे कारण नाही. ग्रामपंचायतीच्या प्रभागात आपला उमेदवार दोन-चार मतांनी पडतो, कधी समसमान मते पडून चिठ्ठीवर जातो. स्थानिक निवडणुकांत व्हीव्हीपॅट वापरणार नाही, असे राज्य निवडणूक आयोगाने २०२५ मध्ये सांगितले. तिथे चिठ्ठी नाही, म्हणून आपल्या प्रतिनिधीचे डोळे आणि हातातला कागद हाच पुरावा. ग्रामपंचायतीच्या निकालाविरुद्ध दिवाणी न्यायालयात जायला पंधराच दिवस मिळतात, हे आपल्या किती कार्यकर्त्यांना ठाऊक आहे?

अवधानवरून जाणाऱ्या मुंबई-आग्रा महामार्गावरच लळिंग आहे. तिथल्या लांडोर बंगल्यात ३१ जुलै १९३७ रोजी बाबासाहेब मुक्कामी होते. धुळ्याला ते वकील म्हणून एका खटल्यासाठी आले होते. त्या स्मृतीला वंदन करायला दरवर्षी ३१ जुलैला खानदेशातून भीमसैनिक तिथे जमतात. आमची सूचना आहे, की त्या दिवशी भाषणांबरोबर एक तास मतदान प्रतिनिधींच्या प्रशिक्षणाला द्यावा. फॉर्म १७-सी कसा वाचायचा, त्याची प्रत कशी मागायची, फेरमोजणीचा अर्ज कसा लिहायचा, हे दहावी-बारावी झालेल्या आपल्या पोरापोरींना तासाभरात शिकवता येते. गावागावांतल्या बुद्धविहारांत हे वर्ग चालू शकतात. त्याला सरकारची परवानगी लागत नाही आणि सात लाख रुपयेही लागत नाहीत.

यंत्र हवे की कागद, हा वाद चालत राहील. आम्हांला दोन्हीचे प्रेम नाही आणि दोन्हींचे वैरही नाही. पाच सेकंद बटण दाबायचे आणि पाच वर्षे गप्प बसायचे, यासाठी बाबासाहेबांनी हा अधिकार मिळवून दिलेला नाही. मत देणारा जोपर्यंत आपले मत मोजताना पाहू शकत नाही, तोपर्यंत एक मत, एक मूल्य ही गोष्ट कागदावरच राहील. ती कागदावरून मोजणीच्या टेबलावर आणण्याचे काम आपले आहे. पुढच्या निवडणुकीच्या सायंकाळी आपल्या वस्तीतल्या प्रत्येक केंद्रातून एक कार्यकर्ता सहीशिक्क्याचा कागद घेऊन बाहेर पडला पाहिजे. मग शून्य कोणाचे आणि हजार कोणाचे, हे आपण सांगू. जयभीम!